घोंगडीएवढं गवत

सुदर्शननं ट्रे उचलायला हात घातला तशी साळूबाई जिन्याच्या दारातूनच ओरडली, “हात लावू नको त्याला!”

शहरालगतच्या सातारा परिसरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर नवी टाकी चढवायची होती. टाकी घेऊन हमाल खाली खोळंबले होते. खालून तुळई गेलेली भक्कम जागा एकच, आणि साळूबाईनं नेमके तिथंच मातीचे ट्रे मांडलेले. त्यांत कुसळी उगवली होती. बोटाच्या पेराएवढी, केसासारखी बारीक.

“माय, गवत आहे ते,” सुदर्शन म्हणाला. “लोक उपटून फेकतात, तू पेरत बसलीस.”

दिवाळीनंतर हट्टानं त्याच्या गाडीत बसून ती गावाकडं, पिशोरच्या त्यांच्या माळावर गेली होती. दिवसभर उन्हात फिरून पदरात बी गोळा केलं, लुगडंभर कुसळं टोचून घेऊन परतली. तेव्हाच पेरलेलं काही उगवलं नाही. उरलेलं तिनं फडक्यात बांधून उन्हाळाभर खुंटीला टांगलं. बी नवं असलं की झोपून राहतं, म्हणाली. मृग लागताच पुन्हा पेरलं. पाऊस आलाच नाही, तर तांब्यानं पाणी घालत राहिली. सुनेला, मोनिकाला, त्याचं कौतुक वाटे. मोठमोठ्या हॉटेलांपुढं आता असलंच डोंगरातलं गवत शोभेला लावतात, मोठं झालं की आपणही दारात लावू, असं ती म्हणायची. साळूबाई नुसती मान हलवायची.

“मरू दे,” सुदर्शन म्हणाला. “माळावर लई आहे. पुन्हा आणू.”

“कुठून आणशील? माळ तर तूच दिलास खोदायला.”

मुरमासाठी माळ देऊन त्याला नऊ-दहा महिने झाले होते. पाऊस लांबल्यामुळं खोदायची मशीन अजून चालूच होती. तेव्हा माय काही बोलली नव्हती.

साळूबाई ट्रेपाशी येऊन खाली बसली.

“तुझा बाप माळ कापायचा, तवा बोरीच्या झाडाच्या वरल्या अंगाला जरासं गवत सोडायचा. ध्यानात हाय का?”

ध्यानात होतं. सगळा माळ भुंडा व्हायचा, आणि मधेच घोंगडीएवढं गवत उभं. लहानपणी एकदा तो विळा घेऊन ते कापायला गेला होता. बापानं, कारभारीनं, येऊन त्याच्या हातातून विळा काढून घेतला. रागावला नाही, काही बोललाही नाही. बियाण्याला राखत असतील, असं सुदर्शनला वाटलं होतं.

“तिथं तुझी बहीण हाय,” साळूबाई म्हणाली.

खालून हमालानं हाक दिली, “साहेब, आणायची का वर?”

“तुझ्या आधीची. बारशाच्या आधीच गेली, नाव ठिवायचं बी राहिलं. मला बाजेवरून उठू दिलं नाय. तुझा बाप एकटाच घेऊन गेला. कुठं ठिवली ते त्यानं मरस्तोवर सांगितलं नाय, म्या बी इचारलं नाय. म्होरल्या साली गवत कापलं, तवा मला कळलं.”

सुदर्शन म्हणाला, “मशीन लावताना बोलायचं होतं, माय.”

“तू इचारायला आला व्हतास का? सगळं ठरवून सांगायला आलास. मग म्हनलं, बी तरी आनावं.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मशीन चालवणाऱ्या बद्रीनाथला फोन लावला.

“मशीन बंद कर. आत्ताच्या आत्ता. बोरीच्या वरच्या अंगाला हात लावू नका.”

पलीकडची घरघर थांबली. “दादा, बोरी तर परवाच उपटली. वरचं अंग बी झालं की सपाट. लई चांगला मुरूम लागला तिथं.”

“कुठं टाकला तो?”

“रस्त्याच्या कामावर. आता कुठली खेप कुठं पडली, कसं सांगू?”

सुदर्शन मोबाइल कानाला तसाच लावून उभा राहिला. बद्रीनाथ ‘दादा, दादा’ करत होता.

“थांबली का मशीन?” साळूबाईनं विचारलं.

“थांबली.”

“बोरी हाय का?”

त्यानं मोबाइल खिशात टाकला. साळूबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. रडली नाही. तांब्यात बोटं बुडवून तिनं ट्रेवर पाणी शिंपडलं. पुन्हा बुडवली, पुन्हा शिंपडलं.

सुदर्शन कठड्यापाशी गेला. “टाकी खालीच राहू द्या,” त्यानं हमालांना सांगितलं. “आज नाही चढवायची.”

वारा सुटला होता, कोरडा, धुळीचा. कोवळी पाती मातीला टेकून पुन्हा उभी राहत होती.

“मूळ धरस्तोवर आडोसा पायजे,” साळूबाई स्वतःशीच म्हणाली.

त्यानं गच्चीभर पाहिलं. पोतं नाही, पत्रा नाही, काहीच नव्हतं. मग तो वाऱ्याकडं पाठ करून खाली बसला, मांडी घालून, ट्रेकडं तोंड करून. त्याच्या शर्टाची पाठ फडफडू लागली.

साळूबाईनं एक ट्रे अलगद ओढला आणि त्याच्या मांडीजवळ सरकवला.