सत्ताविसावा कण

दहा ग्रॅम खनिज मिश्रण आम्लात उकळून झाल्यावर गाळण कागदावर सत्तावीस कण उरले. सव्वीस वाळूचे होते. सत्ताविसावा मोठा, पांढरा आणि गुळगुळीत होता, म्हणून हर्षदानं तो चिमट्यात धरून भिंगाखाली नेला. त्यावर चावण्याच्या खाचा होत्या. कुणाच्या तरी दाढेवरची कॅप होती ती, अर्धी तुटलेली.

फॉस्फरसच्या खाणी संपल्यापासून गुरांच्या अशा खनिज खाद्यात विद्युतदाहिनीतली राख मिसळायला परवानगी होती. चाळून स्वच्छ केलेली राख. हर्षदाला हे चांगलं ठाऊक होतं. तरीही सकाळी खाल्लेल्या सायीची चव तिच्या घशाशी आली आणि ती बेसिनकडे धावली.

"अगं, न विरघळणारा भाग अडीच टक्क्यांपर्यंत चालतो," शेजारच्या टेबलावर चहा ढवळत बोंद्रे सर म्हणाले. "ती कॅप काढून टाक आणि वाळूचं तेवढं वजन कर. दोन टक्के भरेल. संध्याकाळपर्यंत माल गोठ्यांत पोचायचाय."

"आणि कॅप धरून केलं तर?"

"तर अख्खी गाडी परत. म्हशी काय दात मोजत बसतात होय?"

"तुमच्या चहात दूध कुठलंय, सर?"

सरांनी कप बाजूला सारला.

हर्षदानं तोंड पुसलं, कॅप चिमट्यानं उचलून पुन्हा वाळूत ठेवली आणि सगळं तराजूच्या वाटीत ओतलं. आकडा स्थिर झाल्यावर तिनं अहवालात लिहिलं: आम्लात न विरघळणारा भाग, ३.१ टक्के.