चार हाडांसाठी

पामर्स्टन नॉर्थजवळ नव्या रस्त्याच्या खोदकामात तीनशे वर्षांपूर्वीची माणसाची हाडं निघाली, आणि इंजिनियर नितीशने त्याच क्षणी मशीन थांबवलं. आज तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांनी मंत्र म्हणत ती हाडं उचलली. महाराष्ट्रातून लेकाकडे राहायला आलेले जनार्दनराव गाडीला टेकून बघत होते. सारा जन्म त्यांनी बांधकाम खात्यात रस्ते केलेले, त्यामुळे तोंडाचा पट्टा सुरूच होता.

"चार हाडांसाठी तीन आठवडे काम बंद? ह्याला इंजिनियरिंग म्हणतात? डोंबल!"

"बाबा, तुम्हाला कधी सापडली नाहीत?"

"सापडली की! शहात्तर साली, बायपासला. पुरलेलं लहान पोर होतं, मनगटात काळे मणी. वर मुरूम टाकला, रोलर फिरवला, जेवणाच्या सुट्टीआधी काम सुरू. कोण आलं रडायला?"

नितीशने मान फिरवली. तेवढ्यात एक म्हातारे माओरी गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन आले आणि "किया ओरा" असा नमस्कार करत त्यांनी ती जनार्दनरावांच्या हातांवर धरली.

"धुवून घ्या, बाबा," नितीश म्हणाला. "नाहीतर मेलेलं माणूस आपल्यामागे घरी येतं, असं मानतात."

बाटली रिकामी झाली तरी जनार्दनराव हात चोळतच राहिले.

 

"त्यांना विचार," ते पुटपुटले, "अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी घरी आलेलं पोर आता परत जाईल का?"