बिनशिक्क्याची मूठ

"काका, हिच्यावर शिक्का नाही," टेबलामागची तपासनीस मुलगी म्हणाली.

तिच्या हातात लाकडाची एक मूठ होती. भोवरा ज्यातून सोडायचा त्या लाँचरला खालून बसवायची, पकड घट्ट यावी म्हणून. शिसवाच्या तुकड्यातून कोरलेली, पॉलिश कागदाने घासून घासून गुळगुळीत केलेली. चार बोटांना चार खाचा, अंगठ्याला एक. टेबलापुढे उभ्या मिस्त्रीने ती लेकीसाठी केली होती, आणि लेकीचा भोवऱ्याचा सामना बघायला तो आज पहिल्यांदाच आला होता. एरवी नेमका रविवारीच कारखान्यात ओव्हरटाइम निघायचा.

"शिक्का कसला?"

"कंपनीचा. या स्पर्धेत भोवरा, दोरी, मूठ, सगळं कंपनीचंच लागतं. घरी केलेलं चालत नाही. कोणी आत शिसं भरतं, कोणी स्प्रिंग बसवतं."

"अहो, हिच्यात नुसतं लाकूड आहे. फार तर माझा घाम असेल थोडा."

रांगेतले लोक हसले. ती मुलगीही हसली, पण मूठ काही तिने पुढे सरकवली नाही.

मिस्त्रीला आपली जुनी गल्ली आठवली. तिथे कोणी शिक्का मागितला असता, तर पोरं पोट धरधरून हसली असती. मोडक्या खाटेच्या पायाचा भोवरा, खिळा ठोकून दगडावर घासलेली आर, आणि भोवऱ्याला गुंडाळायची जाळी म्हणजे गोणीची उसवलेली सुतळी. दुकानातला रंगीत भोवरा एकट्या डॉक्टरांच्या मुलाकडे होता, तो पहिल्याच दिवशी कोणाची तरी आर लागून दुभंगला. बिचारा रडत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी खाटेचा पाय शोधत आला. डोळे मिटून नुसती गुणगुण ऐकली तरी कळायचं, कोणाचा भोवरा फिरतोय ते. काय दिवस होते! आता सगळ्यांचे भोवरे एकाच साच्यातले, आवाजही एकच.

"केलीय मात्र सुरेख," मूठ उलटसुलट बघत ती मुलगी म्हणाली. "ही उजव्या हातात बसते. म्हणजे दोरी डाव्याने ओढायची. तुमची मुलगी डावखुरी आहे का?"

मिस्त्री हो म्हणायला गेला आणि थबकला.

डावखुरा तो होता. रंधा डाव्या हाताने, हातोडी डाव्या हाताने. कारखान्यात त्याला 'डावरा' म्हणूनच हाक मारायचे. मूठ कोरताना त्याने माप घेतलं ते स्वतःच्या हाताचं, फक्त जरा लहान करून. लेक लिहायची उजव्याने, जेवायची उजव्याने, चिडली की वही फेकायची तीही उजव्याने. हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. शहाण्याने दुसऱ्याचा सदरा शिवावा आणि मापाला स्वतः उभं राहावं, तसं झालं.

आणि वर्षभर पोरगी घरी-दारी त्या उलट्या मुठीने खेळत होती. एका शब्दाने बोलली नव्हती. मिस्त्रीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आपण तिच्यासाठी केलं, की स्वतःच्या हौसेसाठी?

"बरं झालं नापास केलीत," तो हळूच म्हणाला. "कंपनीचीच द्या एखादी."

तपासनीस मुलीने खोक्यातली एक काळी मूठ काढून दिली. दोन्ही हातांना चालेल अशी, सरळसोट. तेवढ्यात फळ्यावर आपला नंबर बघून लेक धावत आली. काळी मूठ बघून तिचा चेहरा उतरला.

"आपली नाही चालत?"

"नाही चालत. आणि तेच बरं," मिस्त्री म्हणाला. "हरलीस तर स्पर्धेतून बाहेर. तेव्हा माझा विचार करू नकोस. ही घे आणि मोकळेपणी उजव्याने ओढ."

लाकडी मूठ तिने उचलली, त्याच्या हातात दिली, त्याची बोटं तिच्यावर मिटवली आणि काळी मूठ घेऊन गेली.

समोर तिच्याहून वीतभर उंच मुलगा होता. त्याचा बाप चाकांची पेटी घेऊन बाजूला उभा, पेटीत मुठीच मुठी. मिस्त्री लोकांना कोपरं मारत रिंगणाभोवती बांधलेल्या दोरीपर्यंत पोहोचला. बघतो तर लेकीने लाँचर धरला होता उजव्या हातात, आणि ओढायची दोरी डाव्यात.

"अगं, उजव्याने! उजव्याने ओढ!"

पंचांनी डोळे वटारले. मिस्त्री एक पाऊल मागे सरला.

"तीन, दोन, एक!"

लेकीने डावं कोपर बरगडीला घट्ट लावलं आणि दोरी खेचली. सरळ, न अडखळता, एका दमात. दोन्ही भोवरे रिंगणात एकमेकांवर आपटले, लांब झाले, पुन्हा भिडले. मुलाचा भोवरा काठावर चढला, डगमगला आणि बाहेर पडला.

टाळ्या झाल्या. लेक रिंगणाच्या दोरीखालून वाकून बापाकडे आली. गाल लाल, श्वास चढलेला.

"वेडी का काय तू?" मिस्त्री म्हणाला. आवाज रागाचा करायचा होता, झाला नाही. "चांगली दोन्ही हातांना चालणारी मूठ दिली होती. उजव्याने का नाही ओढलीस?"

"उजव्याने मला येत नाही, बाबा."

"येत नाही? तू डावखुरी कधी झालीस?"

"तुम्ही मूठ दिलीत त्या दिवशी."