मोडक्या पायाची गोम

“ती नका घेऊ ताई, एक पाय मोडलाय तिचा,” दुकानदार म्हणाला. “पहिलीच गोम पाळताय ना? मग धडधाकट बघून घ्या. मिशा शाबूत, अंग भरलेलं आणि डिवचलं की पळणारी.”

तेवढ्यात मोडक्या पायाची गोम डब्याला एक फेरी मारून आलीसुद्धा. बाकीच्या धडधाकट बाया आपापल्या डब्यांत झाडाच्या सालीखाली लोळत होत्या.

“हीच द्या,” ती म्हणाली.

ती संग्रहालयांसाठी किड्यांचे नमुने घडवायची. आत तार, वर राळ, त्यावर रंग. या वेळी गोम हवी होती, आणि प्राणी जिवंत बघितल्याशिवाय तिचा हात चालत नसे. काम झालं की गोम दुकानात परत, असं ठरलं होतं.

ठरलं होतं खरं, पण घरी बाबा होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. अपघातानंतर कमरेखाली जीव उरला नाही, तेव्हापासून पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. तिने चाकांची खुर्ची आणली, तर म्हणाले, “माझी गाडी गेली ती गेली.” वर्ष होत आलं. खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे वाळत होते. दार उघडायला कोणी उठत नसे. ती किल्लीनेच येजा करी. बाबांनी एकदा त्या खुर्चीत बसावं, एवढंच तिला हवं होतं. विनवून झालं, भांडून झालं, रडून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

गोमेला अंधारी जागा हवी, म्हणून तिची काचेची पेटी आतल्या खोलीत, बाबांच्या उशाशी ठेवली.

“हे काय ध्यान आणलंस?”

“गोम आहे. एक पाय मोडलाय तिचा.”

बाबांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिले.

“गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही,” ते म्हणाले. “दोनच असले की पंचाईत.”

हळूहळू पेटीचा सगळा कारभार बाबांकडे गेला. माती ओलसर हवी, चिखल नको. झाकण घट्ट, नाहीतर बाईसाहेब फरार. हात लावायचा नाही. झुरळ द्यायचं ते लांब चिमट्याने. पडल्या पडल्या ते सगळं निगुतीने करत.

“चाल बघ तिची,” ते म्हणत. “एवढी चाकं, पण एकाला एक घासत नाही. असा ड्रायव्हर मी उभ्या जन्मात पाहिला नाही.”

तीही बाहेरून आली की चपला काढायच्या आधी पेटीत डोकावे. बाबा चिडवत, “ही गेली तर माझ्याआधी तूच रडशील.” गोम परत करायचा विषय पुन्हा निघाला नाही. खुर्चीचा निघाला, की मात्र तोंड भिंतीकडे.

नमुना तयार झाला. संग्रहालयाच्या साहेबांना अखंड गोम हवी होती, म्हणून तिने सगळे पाय घडवले. रंग वाळायला नमुना बाहेरच्या खोलीत, कामाच्या टेबलावर, उघड्या डबीत कापसावर ठेवला.

सकाळी दुधाच्या रांगेत तिला उशीर झाला. घरी येऊन पाहते तर डबी झाकण लावून दोऱ्याने बांधलेली. रात्री पेंगत आपणच बांधली असेल, असं समजून तिने ती उचलली आणि आतल्या खोलीच्या दारातूनच डोकावली.

“बाबा, कपडे खाली कसे पडले?”

“वारा आला असेल. तू निघ, उशीर होतोय.” त्यांना चांगलाच दम लागला होता.

“आणि आपली बाई?”

“झोपलीय सालीखाली. उठवू नकोस.”

संग्रहालयात साहेब त्या दोऱ्याशी झटून घामाघूम झाले. “ही कसली गाठ? हिने ट्रकभर माल बांधता येईल!” मग भिंग घेऊन वाकले. “वा! काय ते सांधे, काय त्या मिशा! आणि एक पाय मोडका ठेवलात, ही तर कमालच. अगदी खरी!”

तिने डबीत पाहिलं.

“खरीच आहे ही,” ती कशीबशी म्हणाली.

“तेच म्हणतोय मी!”

“नाही साहेब. ही आमची गोम आहे. मेलीय.”

मग घरी सालीखाली झोपलीय ती कोण? साहेबांना काहीतरी सांगून ती डबीसकट बाहेर पडली. वाटेत तिला रडू आवरेना. ही पेटीतून टेबलावर आलीच कशी, हा विचारही तिला सुचत नव्हता. बाबा आता कायमचे भिंतीकडे वळणार, एवढंच डोक्यात होतं.

धापा टाकत जिना चढून तिने पिशवीत किल्ली शोधली. ती कुलपाला लावणार, तोच आतून खटका सरकला, आणि दाराच्या फटीत आधी एक चाक दिसलं.