उष्टी तोटी

मेणाचा थेंब टपकन् कापडावर पडला आणि तुकिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आज पुन्हा.

"झालं समाधान?" बु वागिरांनी, म्हणजे वागिराबाईंनी, विचारलं. जावातल्या इमोगिरीच्या त्या ओसरीवर बाटिकचं, मेणानं कापडावर नक्षी काढायचं, सगळं काम त्यांच्या शब्दावर चाले. "उद्यापासून परसात जा. कापडं उकळायची, मेण काढायचं. तुझा हात नक्षीचा नाहीच."

परसातल्या हंड्यापाशी गेलेली बाई पुन्हा कधी नक्षीला बसत नसे. आणि तुकिनाला तर नक्षीवाचून दुसरं काही सुचत नसे. वेडच म्हणा ना.

"बु, माझं चांतिंग गळतं हो," ती पुटपुटली. चांतिंग म्हणजे मेणाची लेखणी. बांबूची दांडी, तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला बारीकशी तोटी.

"आली खापर फोडायला! हातात कसब नसलं की अवजाराला नावं ठेवायची." शेजारच्या बायका खुदकन हसल्या. "आण इकडं. दाखवते तुला."

हसू तिथंच थांबलं. तोटीत मेण थिजतं, म्हणून ती सारखी ओठांशी धरून फुंकावी लागते. त्यामुळे दुसरीचं चांतिंग कुणी वापरत नाही. उष्टंच ते. जन्मभर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या त्या बायकांनी एकमेकींच्या चांतिंगाला कधी हात लावला नव्हता. पण बु इरेला पेटल्या होत्या. त्यांनी तोटी पुसली, फुंकली, मेणात बुडवली आणि रेघ ओढायला घेतली.

पहिल्याच वळणावर थेंब पडला.

बुंनी दांडी नीट धरली. पुन्हा पडला. त्यांनी चांतिंग उजेडात धरून पाहिलं. तोटी वाटीला धड जोडलेलीच नव्हती, सांध्यातून मेण झिरपत होतं.

"अगं, हे घेऊन तू एवढं तरी काढलंस कसं? नवं का नाही घेतलंस?"

"तुम्हीच म्हणता ना, अवजाराला दोष देऊ नये."

वाईट वाटलं बुंना, फार वाईट वाटलं. त्यांनी स्वतःचं चांतिंग पुढं केलं. "माझं घे. उष्टं आहे. चालेल का गं?"

तुकिनानं तोटी फुंकली आणि रेघ ओढली. वळण आलं आणि गेलं. थेंब पडला नाही. ती रडत रडत ओढतच राहिली.

बु मात्र कापडाकडे बघत नव्हत्या. त्या परसाकडे बघत होत्या. तिथं हंड्याभोवती वाफेत बायका उभ्या होत्या, एकेक करून त्यांनीच धाडलेल्या.

"त्यांनाही बोलाव," त्या म्हणाल्या. "त्यांच्यातल्या एकीचंही चांतिंग मी कधी हातात धरलं नाही."