अकराचा आवाज

गाडी अजून वळणापलीकडे होती, तेवढ्यात मामांच्या हातातला पाना थांबला. आवाज तोच. पण तो रविवारी अकराला यायचा, आणि आज तर गुरुवार!

गिऱ्हाइकं त्यांना मामा म्हणत. सायलेन्सरच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काम उरकलं की ते गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर दोनदा दाबत. घुर्र, घुर्र. "ही गाडीला विचारायची रीत," असं त्यांनी आपल्या लेकीला लहानपणीच सांगितलं होतं. "काय बाई, बरी आहेस ना?"

लेक या गॅरेजातच वाढली. वेल्डिंग शिकली, बापापेक्षा सफाईनं करू लागली. मग पाच वर्षांपूर्वी मामांना न पटलेल्या माणसाशी लग्न करून मोकळी झाली. लग्नाला मामा गेले नाहीत. "या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले होते. "तुम्ही स्वतः रस्त्यावर येऊन उभे राहाल ना, तेव्हाच टाकीन," ती म्हणाली होती. खाण तशी माती.

तेव्हापासून दर रविवारी तिची गाडी गॅरेजवरून जायची. थांबायची नाही. फाटकासमोर आली की फक्त घुर्र, घुर्र. मामा मान वर करायचे नाहीत. कशाला करतील? पण साडेदहा वाजले की ग्राइंडर बंद, कॉम्प्रेसर बंद. त्या दोन आवाजांवर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

आज मात्र गाडी आत आली. तिच्यातून चष्मेवाला तरुण उतरला. एकटाच. शेजारच्या सीटवर केसांचा चिमटा पडला होता. मामांनी तो पाहिला आणि नजर काढून घेतली.

"मामा, सायलेन्सरला झडप बसवायचीय. बटणावरची."

मामा म्हणाला! तसं सगळेच म्हणतात म्हणा. पण सासऱ्यालाही मामाच म्हणतात, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

"आवाजाचा त्रास होतो?"

"कॉलनीतले कावलेत. पण गाडीचा जोरही जायला नको."

"जाणार नाही. झडप उघडी असली की धूर सरळ बाहेर. जोर पुरेपूर, आवाजही. बंद केली की धूर डब्यातून वळसा घालून जातो. मग शेजारून गेली तरी कळायचं नाही." मामांनी फडक्याला हात पुसले. "घरच्यांना विचारलंय?"

"तिनंच पाठवलंय. म्हणाली, काम तिथंच करून घे."

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणजे पोरीनं ठरवलं तर. कंटाळली असेल. पाच वर्षं कोण भिंतीशी बोलत बसेल? आणि गप्प व्हायचं, तेही बापाच्याच हातानं!

गाडी वर चढवून ते खाली गेले. झडप बंद होताना जिथं टेकते, तिथला स्क्रू जरासा अलीकडे ठेवला असता, तर ती पुरती मिटली नसती. बटण दाबूनही थोडा आवाज राहिला असता. गिऱ्हाइकाला काय कळणार होतं? मामांनी पाना लावलाही. तेवढ्यात त्यांना पाइपावरचा वेल्डिंगचा जुना जोड दिसला. सरळ, एकसारखा, कुठे थेंब नाही. तिच्या हातचा. असल्या जोडाशेजारी चोरटं काम करायला मामांचा हात धजेना. त्यांनी स्क्रू बरोबर जागेवर आवळला.

काम झालं. मामांनी गाडी सुरू केली, रिवाजाप्रमाणे दोनदा ॲक्सिलरेटर दाबला. घुर्र, घुर्र. मग बटण दाबलं आणि पुन्हा दोनदा दाबला. काही नाही. पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता.

"एक नंबर, मामा!" जावई खूश झाला.

"हो," मामा म्हणाले. काम खरंच चांगलं झालं होतं, त्याचंच तर दुःख होतं.

रविवारी साडेदहाला त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. अकरा वाजले. अकरा पाच. समोर एक टेम्पो गेला, दोन सायकली गेल्या. गेली असेल का? गेली असेल, आणि आपल्याला कळलंही नसेल. मामांनी मान वर केली. रस्ता रिकामा. हात पुसत ते फाटकापर्यंत आले. तिथून वळण नीट दिसत नाही, मेलं! ते आणखी चार पावलं पुढे गेले. तापल्या डांबरावर, हातात फडकं घेऊन, वळणाकडे डोळे लावून उभे राहिले. पोरीला एकदा बघायचं होतं. नुसतं बघायचं. बाकी काही नको.

अकरा बारा झाले. वळणावरून गाडी आली. अजिबात आवाज न करता आली आणि बरोबर त्यांच्या पायाशी थांबली.

काच खाली गेली. लेक वाळली होती. कानाजवळ एक केस पांढरा झाला होता, या वयात! मामांनी तोंड उघडलं. पाच वर्षांचं साठलेलं सगळं घशाशी आलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"झडप... अडकत नाही ना?"

तिनं डोळे पुसले, इंजिन बंद केलं आणि दार उघडून एक पाय खाली टाकला.

"पाच वर्षं आवाज देत होते, बाबा, तुम्ही ओ दिली नाहीत. एक रविवार दिला नाही, तर थेट रस्त्यावर!"