सोमवारचा भाव

पंजाबराव माळ्यानं नाणी बदलून देणाऱ्या फय्याजच्या चादरीवर चौदा हाली रुपये टाकले. रिसोडचा बाजार भरला होता.

"आज किती म्हन्ता, मियां?"

"साडेसोळा." म्हणजे इंग्रजांच्या शंभर कलदार रुपयांना निजामाचे एकशे साडेसोळा हाली.

"मोठे बिलंदर तुमी. वांगे आमी नदीपल्याड नेऊन विकाचे, अन् रुपयाची साल तुमी इथं बसून काढाची."

"मंग काहून जाता? निजामानं काय बोलावनं धाडलं तुमाले?"

फय्याज हसत होता, तेवढ्यात त्याचा मेहुणा शफीक चादरीच्या कडेला येऊन उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"दुल्हेभाई, आपा गेली. सोमवारी. नदीले पूर होता, तीन दिवस डोंगा सुटला नाई. मिट्टी देऊन झाली."

फय्याजची बायको जैतुनबी पंधरा दिवसांपूर्वी आईचं दुखणं काढायला माहेरी गेली होती. आई उठून बसली, आणि त्याच तापानं लेक नेली.

फय्याजनं मान हलवली. मग कलदारांच्या ढिगातून पंजाबरावाला पैसे मोजून दिले. चौदाला चौदा. बट्टा कापायचा असतो हे तो विसरला. पंजाबराव म्हणजे एका पैशासाठी अर्धा तास भांडणारा माणूस. त्यानं दोन रुपये गुपचूप परत सरकवले आणि बारा उपरण्याच्या गाठीला बांधले.

"तुमी निघा," तो म्हणाला. "चादर मी गुंडाळतो."

निघण्याआधी फय्याजनं हालीच्या ढिगातून एकशे एक नाणी वेगळी काढली. चारमिनारची छाप स्वच्छ दिसते अशी, एक एक निवडून. ती थैलीत भरली. हा जैतुनबीचा मेहर होता, निकाहात त्यानं कबूल केलेला. निकाह पलीकडच्या मुलखात लागला, म्हणून मेहर हालीत ठरला. बावीस वर्षांत तो दिला गेला नव्हता. नवऱ्यानं दिला नाही आणि बायकोनं माफ केला नाही, तर मेहर माणसाच्या मानेवर राहतो.

पूर ओसरला होता, तरी पाणी रुंद होतं आणि त्याला आवाज नव्हता. खेमा भोई बांबू रेटत होता. शफीक डोंग्याच्या टोकाला पाठ करून बसला होता. उन्हानं फय्याजचे डोळे मिटत होते. काठ जवळ येतोय की लांब जातोय, त्याला समजेना. मग पाण्यावरून जैतुनबी चालत आली. ओढणीचा काठसुद्धा भिजला नव्हता. ती डोंग्याबरोबर चालू लागली, वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. ओठ हलले. ऐकू आलं नाही.

"उतरा, मियां," खेमा म्हणाला. "निजामाचा मुलुख आला."

सासुरवाडीच्या अंगणात लिंबाची सावली पडली होती. सगळी गल्ली झोपल्यासारखी होती. जैतुनबी पाण्याला गेली आहे, येईलच, असं फय्याजला वाटत राहिलं. तिची आई कमरुन्निसा खाटेवर बसली होती. त्यानं थैली खाटेवर ठेवली, तसे म्हातारीनं हात मागं घेतले.

"हे कायले आनलं?"

"तिचा मेहर हाय, अम्मा."

"मी नाई घेत. तिनं घेतला असता, नाई तर तिनं माफ केला असता. मी कोन?"

"जाताना माफीचं काही बोलली?"

म्हातारीनं पुष्कळ वेळ आठवून पाहिलं.

"तापात एकच बरळत होती. ‘आज भाव काय हाय?’ म्या म्हटलं, बाई, कायचा भाव? शेजारच्या अन्वरीनं ज्वारीचा सांगितला, तुरीचा सांगितला. ‘तो नाई’ म्हने. मंग भिताडाकडं तोंड केलं."

फय्याज खाली बसला.

रोज संध्याकाळी पाय धुता धुता तो विचारायचा, "मेहर घेते का आज?" चुलीपुढून ती म्हणायची, "आज भाव काय हाय?" तो सांगायचा. "हाली अजून हलकाच हाय," ती म्हणायची. "कलदारच्या बराबर येऊ द्या, मंग घेईन. नाई तर एखाद्या दिवशी देईन सोडून." हाली कधी बराबर आला नाही. दोघं हसायची आणि जेवायला बसायची. हे तिसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यानं म्हातारीला सगळं सांगितलं. थांबत थांबत, जसं आठवेल तसं. म्हातारी ऐकत होती. ऊन लिंबाच्या बुडापर्यंत सरकलं.

"म्हंजे घेत होती का सोडत होती?" तिनं विचारलं.

"ते भाव ऐकल्यावर सांगाची ती."

"मंग सोमवारी काय होता भाव? आता तरी सांगा. इथं कोनीच सांगितला नाई तिले."

फय्याजला कुठल्याही दिवसाचा भाव तोंडपाठ असे. दुष्काळाच्या सालातला सुद्धा. त्यानं बोटांवर दिवस मागं मोजले.

"सोमवारी पूर होता, अम्मा," शेवटी तो म्हणाला. "इकडचं मानूस तिकडं आलं नाई, रुपया आला नाई. म्या चादरच टाकली नाई. त्या दिवशी भाव निघालाच नाई."

शफीकनं पाण्याचा तांब्या आणून मध्ये ठेवला. थैली खाटेवरच होती. कोणी ती उचलली नाही.

जैतुनबीचा मेहर द्यायचा राहिला आहे.